एकाच ताग्यातले

दुपारच्या शांततेत आतल्या खोलीतून टक् असा बारीक आवाज आला, एखाद्या छोट्या डबीचं झाकण लावल्यासारखा. दोन्ही बाळं तिथल्या पाळण्यात नुकती निजली होती आणि त्यांच्या आईचाही डोळा लागत आला होता. तो खाडकन उघडला. नवरा आज डोकं दुखतं म्हणून ऑफिसातून लवकर आला होता. डोकं दुखणाऱ्या माणसाचं पाळण्याशी काय काम?

बाळं तीन महिन्यांची झाली तरी घरातली कुजबुज थांबली नव्हती. सासूबाईंची हयात शिवणकामात गेलेली. दोन तुकडे एकाच ताग्यातले आहेत की नाहीत, हे त्या उजेडात धरून क्षणात सांगत. नातवांनाही त्यांनी तसंच खिडकीशी नेऊन पाहिलं होतं. एक गव्हाळ, सरळ केसांचा. दुसरा सावळा, कुरळ्या केसांचा. "आमच्या सात पिढ्यांत जुळं नाही," एवढंच बोलून त्यांनी दोघांना परत पाळण्यात ठेवलं. ते तिला झोंबलं.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं तिने घरात शंभरदा सांगून पाहिलं. पस्तिशी उलटली की बाईच्या शरीरातून कधीकधी एका खेपेला दोन अंडी सुटतात, आणि ती तर एकोणचाळिशीची. अशी जुळी एकमेकांसारखी दिसायलाच हवीत असं नाही. शिवाय तिच्या आईकडच्या लोकांत जुळी बरीच होतात. नवऱ्याकडच्या लोकांत होत नसली तरी बिघडत नाही, कारण हे येतं बाईकडूनच.

"बरोबर आहे, सूनबाई," सासूबाई हसून म्हणाल्या होत्या. "जे काय आलं ते तुझ्याकडूनच आलं."

नवरा तेव्हा वर्तमानपत्रात तोंड खुपसून होता. "आई, पुरे," असं तो म्हणेल म्हणून ती कितीतरी वेळ वाट बघत राहिली होती.

ती पाय न वाजवता दाराशी गेली. नवरा पाळण्यावर वाकला होता. चाहूल लागताच त्याची मूठ खिशात गेली.

"काय करतोयस?"

"कान साफ करत होतो."

"निजलेल्या बाळांचे?"

त्याने चपला पायांत अडकवल्या आणि तो बाहेर पडला. पाळण्याखाली एक फाडलेलं पाकीट राहिलं होतं. त्यावर 'डीएनए चाचणी' असं छापलेलं होतं आणि गालाच्या आतून काडी फिरवायचं चित्र होतं. तिने ते मुठीत चुरगळलं.

सहा वर्षांची थोरली कोपऱ्यात चित्र रंगवत होती. डिट्टो सासूबाईंचं नाक, त्यांचीच हनुवटी. तिने मान वर केली.

"आई, बाबांनी दोघांची लाळ घेतली. माझी का नाही घेतली?"