ताईची गुणगुण

"बंद कर आधी तो रेडिओ!" सासूबाई ओरडल्या. मशीनही त्यांनी थांबवली होती. उशीचा अभ्रा अर्धवट सुईखालीच अडकलेला. "ताई काय गुणगुणायची रे? सांग ना."

नवऱ्याने एक चाल गुणगुणून दाखवली.

"ही नाही. ही तर सगळं गाव गुणगुणतं."

"मग नाही आठवत, आई."

"सख्खा भाऊ ना तू तिचा?"

ताई म्हणजे माझी नणंद. मी या घरात यायच्या आधीच ती तापाने गेली. सासूबाई शिवायच्या तेव्हा ती शेजारी बसून बटणं लावायची आणि स्वतःचीच कसलीशी चाल गुणगुणायची, एवढंच मला ठाऊक. ती गेल्यावरही सासूबाई मशीनवर बसल्या की ती चाल त्यांच्या मनात आपोआप सुरू व्हायची. तोंडाने मात्र त्यांनी ती कधी म्हटली नाही. पुढे त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले म्हणून नवऱ्याने हौसेने विजेवरची मशीन आणली आणि जुनी पायमशीन मोडीत गेली. तेव्हापासून चाल येईनाशी झाली.

"चेहरा येतो, वेणी येते, आवाज मेला येतच नाही," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा गेली गं माझी पोर." आणि त्या ढसाढसा रडायला लागल्या.

कुणी रडायला लागलं की मला काय करावं ते सुचत नाही, मी सरळ चिडते. "अहो, बसलात काय?" मी नवऱ्यावर खेकसले. "चला, शिंपीकाकांकडे पायमशीन आहे अजून."

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं काम सोडून उठले. "बसा वहिनी, निवांत बसा."

सासूबाईंनी डोळे मिटून पायडल मारायला सुरुवात केली. मशीन कशी अगदी सुरळीत चालत होती. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. बऱ्याच वेळाने त्या थांबल्या.

"नाही येत," म्हणाल्या आणि गुडघा धरून उठू लागल्या.

"आपली जुनी मशीन काय ठोकायची!" नवरा उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. "दर फेऱ्याला एक ठोका. मला अभ्यास सुचायचा नाही."

खरंच की! तो ठोका मीही पार विसरून गेले होते.

"वाजवा," मी म्हटलं.

"काय?"

"अहो, तो ठोका वाजवा! मख्खासारखे बघताय काय?"

त्याने काकांची कात्री उचलली आणि तिची मूठ टेबलावर आपटू लागला. टक्. टक्.

"जरा सावकाश," सासूबाई म्हणाल्या. पाय पुन्हा पायडलवर गेले होते.

आणि त्यांचे ओठ हलले. साधीच चाल, लहान मुलाने म्हणावी तशी. नणंदेची आणि माझी ती पहिली भेट. पण चाल एका जागी तुटायची. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच.

"पुढचं आठवत नाही का?" मी हळूच विचारलं.

"पुढे काही नाहीच गं. इथे ती दोरा दातांनी तोडायची. मग परत पहिल्यापासून."

नवऱ्याला रडू आवरेना. त्याचा हात थांबला.

"थांबू नकोस रे," त्या म्हणाल्या.

त्याने पुन्हा ठोका धरला. सासूबाई गुणगुणत त्या जागेपाशी आल्या, दोरा तुटायला लागतो तेवढा वेळ शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून गुणगुणू लागल्या.