मिशीवाल्याचा जुळा भाऊ

माझ्या तोंडाला लगाम नाही, असं आई म्हणते. नसेल. पण टीव्हीवरच्या खुनाच्या मालिकेबद्दल कुणी चुकीचं काही बोललं की माझं डोकंच सटकतं, त्याला मी काय करू? आमचं सोफे दुरुस्तीचं दुकान आहे. मी कव्हरं शिवते, फोम कापते, जुन्या खुर्च्यांचे खिळे उपटते आणि समोरच्या फळीवर टीव्ही चालू असतो. आदल्या संध्याकाळचा भाग दुपारी परत दाखवतात. तो संपला रे संपला की माझ्या धाकट्या बहिणीचा फोन येतो, आणि आम्ही दोघी त्या भागाची चिरफाड करतो.

"कसला गं तो सुरा! लोण्यात घातल्यासारखा आत गेला," मी म्हणायची. "आणि ते रक्त? सरबत नुसतं!"

"आणि मेल्यावर पापणी हलली त्याची," धाकटी म्हणायची.

पण तिचा खरा राग थपडांवर. थप्पड बसली की ती त्या नटीला धारेवरच धरायची. "मार खाणाऱ्याचे डोळे आधी मिटतात, ताई. हात उचललेला दिसला की लगेच. ही बाई सगळं खाऊन झाल्यावर मिटते. हिला कुणी कधी मारलंच नाहीये."

हे ती अगदी सरळ सांगायची. तिला ठाऊक होतं ना! तिचा नवरा तिला मारतो. एकदा दात पडलेला घेऊन ती आईकडे आली होती. मागोमाग तो आला, आईचे पाय धरून ढसाढसा रडला, आणि आईने तिला परत पाठवलं. म्हणे, चांगला कमावता आहे, सुधारेल. मी त्या दिवशी आईशी एवढी भांडले की घसा बसला, पण गेली ती गेलीच.

तेव्हापासून फोन करायचा तर त्याच्यासमोर आणि स्पीकर लावून, हा त्याचा कायदा. तो लिफ्ट दुरुस्तीची कामं करतो आणि दुपारी जेवायला घरी येतो, म्हणून फोन दुपारीच. "बरी आहेस ना गं?" एवढं विचारलं तरी फोन कट. मी त्याचं नाव सेन्सॉर ठेवलं. मालिकेवर मात्र कात्री नाही, कारण बायकांची ती फालतू बडबड आहे असं त्याचं मत. मग आम्ही फक्त मालिकेवर बोलायचो. सुरा खरा की खोटा, विष कुठल्या पेल्यात, सासरा कधी मरणार. मला त्या सासऱ्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं. तिचा आवाज आला की ती जिवंत आहे, एवढं मला कळायचं, बस.

त्या दिवशीही भाग संपला आणि फोन आला. माझ्या हातात खिळे उपटायचा हातोडा होता. मोबाईल खांद्याला लावून मी म्हटलं, "बोल!"

"आज मिशीवाल्याने कहर केला," धाकटी म्हणाली. "मोठ्या सुनेला तळघरात कोंडलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं ए बावळट! मिशीवाला मेलाय! परवाच कुऱ्हाड घातली त्याच्या डोक्यात! तूच नाही का म्हणालीस, कुऱ्हाड प्लास्टिकची आहे म्हणून? कुठलं चॅनल लावून बसलीस?"

तिकडे ताटात चमचा वाजत होता. तो थांबला.

"कोण मेलं?" सेन्सॉरने विचारलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पापणी हललेली सुद्धा जिच्या नजरेतून सुटत नाही, ती मेलेल्या माणसाला जिवंत कशी करेल? माझ्या या भोंग्यासारख्या तोंडाने मी तिला त्याच्या हातात दिली होती.

"अहो, मिशीवाला मेला," मी हसत म्हटलं. कशी हसले, माझं मला माहीत. "पण मीच वेंधळी बाई! हा त्याचा जुळा भाऊ. आजच उगवलाय परदेशातून."

"जुळा भाऊ?"

"हो," धाकटी म्हणाली. "अगदी तसाच दिसतो. मिशीसकट."

"काय भिकार बघता तुम्ही लोक," तो म्हणाला, आणि चमचा परत वाजायला लागला. मालिकेत रोज कुणी ना कुणी कोंडलेलं असायचंच. त्याने तरी वेगळं काय समजायचं?

"मग? काय करतो हा जुळा?" मी विचारलं.

"उजेड आहे तोवर काही करणार नाही. दिवस मावळला की तिला जंगलातल्या बंगल्यावर नेणार आहे. तिला वाटतंय, तिथून काही आपण परत येत नाही. आणि ताई, तिच्या बहिणीचं काम करायची ना, ती बाई बरेच दिवस दिसलीच नाही. मालिका सोडून गेली वाटतं."

मोठ्या सुनेला मालिकेत बहीणच नव्हती.

"सोडून कुठे जाते!" मी म्हटलं. "लेखक मेला विसरला होता तिला. पुढच्याच सीनला आणतोय बघ."

"रिकाम्या हाताने आणू नको म्हणावं."

फोन कट झाला. मी तशीच उठले. आमचे हे टेम्पोत गिऱ्हाईकाचा सोफा चढवून दोऱ्या आवळत होते. "टेम्पो काढा," मी म्हटलं. ते म्हणाले, आधी सोफा पोचवू. "सोफा गेला खड्ड्यात!" मी ओरडले, आणि माझा अवतार बघून ते मुकाट्याने बसले. मग मागे तो सोफा धडधडत, आणि मी वाटभर हातोडा मांडीवर घेऊन सगळ्या सिग्नलना शिव्या घालत.

जिन्यातच टीव्हीचा आवाज आला. तीन मजले खाली ऐकू येईल एवढा मोठा. कुठल्याशा सिनेमाची मारामारी चालली होती. मी दारावर लाथ घातली, परत घातली. सेन्सॉरने दार उघडलं. हसला. "ताई, तुम्ही? या ना."

मी मनाशी एक डायलॉग जुळवून आले होते. तो पार विसरले. चौकटीवर टेकलेल्या त्याच्या मनगटावर मी सरळ हातोडा हाणला.

टीव्हीत एका फटक्यात माणूस आडवा होतो. खोटं आहे ते. हा आडवाबिडवा झाला नाही. त्याने दुसऱ्या हाताने माझे केस धरले आणि माझं तोंड चपलांच्या कपाटावर आपटलं. नाकातलं काहीतरी तुटलं. रक्त सरळ तोंडात, गरम, खारट. परत आपटलं. हातोडा कुठे गेला मला कळेना. त्याने मला खाली पाडलं, छातीवर बसला आणि गळा धरला, आणि वर तोंड करून शांतपणे म्हणाला, "आमच्या घरात नाक खुपसायचं नाही."

"अहो, असं नका ना करू," दारातून आमचे हे म्हणाले.

मला त्या अवस्थेतही त्यांचा संताप आला. डोळ्यांपुढे काळं व्हायला लागलं. आणि मग या माणसाने, जन्मात कधी माशी मारली नाही अशा माणसाने, सेन्सॉरच्या पाठीवर उडी घेतली आणि त्याचा कान चावला. नुसता चावला नाही, सोडेचना. सेन्सॉर गुरासारखा ओरडला. गळ्यावरचे हात सुटले. मी हात फिरवला तर दांडा हाताला लागला, आणि तो उठायच्या आत मी त्याच्या गुडघ्यावर घाव घातला. हाड फुटल्याचा आवाज टीव्हीत कोरडा दाखवतात. साफ चूक. ओल्या लाकडातून मोठा खिळा निघावा तसा येतो. मी परत घातला, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

आतल्या खोलीला बाहेरून कडी होती. मी ती काढली. धाकटी दारापाशीच उभी होती. एक डोळा पार मिटलेला, ओठ फाटलेला, मनगटांवर वायरचे निळे वळ. मला बघून ती रडली नाही. माझ्या हातातला हातोडा तिने हळूच काढून घेतला आणि बाहेर आली.

सेन्सॉर भिंतीला टेकून विव्हळत होता. तिला बघताच त्याने तिचे पाय धरले. "चुकलं गं माझं! परत नाही करणार! आईंना विचार, मी कसा आहे!"

"धाकटे, नको," मी म्हटलं. मनापासून म्हटलं की नाही, मला अजून सांगता येत नाही.

तिने पाय सोडवून घेतला. वाकली. त्याचा उजवा हात फरशीवर टेकला होता, त्यावर एकच घाव घातला. बोटं उलटी वळली. त्याची किंकाळी टीव्हीच्या आवाजात मिसळून गेली, वेगळी काढता येईना. मग तिने हातोडा माझ्याकडे दिला आणि आमच्या ह्यांना म्हणाली, "भावोजी, तेवढा टीव्ही बंद करा." त्यांनी तोंडावरचं रक्त पुसलं, टीव्ही बंद केला आणि पोलिसांना फोन लावला.

मी तिला धरून बाहेर आणलं. समोरच्या घराचं दार उघडं होतं. शेजारच्या काकू चष्मा सावरत बाहेर आल्या आणि आम्हाला बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! हे काय गं? रोज एवढा आवाज, आम्हाला वाटायचं मालिका चालूय! मी तर ह्यांना म्हणायचे सुद्धा, बाकी सगळे भिकार असतील, पण ती रडणारी बाई कोण आहे बघा हो. काय खरं काम करते!"

माझा हात उठलाच होता. धाकटीने तो धरून खाली केला. ओठ सुजल्यामुळे तिला बोलायला जरा वेळ लागला.

"काकू," ती म्हणाली, "ती मी."