‘उंबऱ्याबाहेर’ घरोघरी

जयाबाई देसूरकरांनी आयुष्यात एकच चित्रपट काढला. १९६० साली, सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर, जेमतेम अर्ध्या तासाचा. तेव्हा त्या बेळगावात मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायच्या आणि सुट्टी लागली की मामांचा कॅमेरा घेऊन खानापूरच्या जंगलपट्टीत जायच्या. तिथं यल्लव्वा नावाची एक सुईण होती. रात्री-अपरात्री, ओढ्याला पाणी असो नाहीतर वाटेत जनावर, बोलावणं आलं की निघायची. तिच्या मागं जयाबाई वर्षभर हिंडल्या.

यल्लव्वानं एकच अट घातली होती. बाळंतिणीच्या खोलीत कॅमेरा येणार नाही. मग जयाबाईंनी सगळं दाराबाहेर उभं राहूनच टिपलं. चुलीवर चढलेलं पाणी, अंगणात उगाचच लाकडं फोडत बसलेला नवरा, देवाला हात जोडणारी सासू आणि शेवटी बंद दाराआडून आलेलं बाळाचं पहिलं रडणं. चित्रपटाचं नावही त्यांनी ‘उंबऱ्याबाहेर’ असंच ठेवलं.

त्याला दिल्लीला पदक मिळालं. सरकारच्या प्रचारखात्याच्या सिनेमागाडीनं तो गावोगाव दाखवला. पुढं गाडी बंद पडली, जयाबाईंचे मामा वारले, शाळेची जबाबदारी वाढली आणि चित्रपट टिळकवाडीतल्या त्यांच्या घरी, लोखंडी कपाटाच्या तळाशी जाऊन बसला.

शहाऐंशी साली त्यांच्या भाचीच्या लग्नात व्हिडिओ शूटिंगला एक तरुण आला. शामू कांबळे. मूळचा निपाणीचा. आईबाप तंबाखूच्या वखारीत राबलेले, त्यानं मात्र इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि टिळकवाडीतच कॅसेट लायब्ररी टाकली होती. कुणीतरी जयाबाईंना नावानं हाक मारली तसा त्यानं कॅमेरा खांद्यावरून खाली घेतला.

“देसूरकर म्हंजे ‘उंबऱ्याबाहेर’ काढलेल्या बाई तुम्हीच व्हय?”

जयाबाईंनी ते नाव दुसऱ्याच्या तोंडून कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. “तू कुठं बघितलास?”

“निपाणीत. आमच्या वस्तीत गाडी आलती. मी लहान होतो, आईच्या मांडीवर बसून बघितला. आई अजून काढती त्याची आठवण. कुठाय हो तो आता?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं. डबा उघडताच आंबूस, शिर्क्यासारखा वास खोलीभर पसरला. चित्रपट दोन रिळांचा होता. पहिलं रीळ आक्रसलं होतं, कडेची भोकं जागोजाग फाटली होती, पण उलगडत होतं. दुसरं मात्र गुळाच्या ढेपेसारखं एकजीव झालं होतं. बाळाचा जन्म त्या दुसऱ्या रिळात होता. मुंबईच्या लॅबमध्ये ठेवलेली मूळ निगेटिव्ह गोदामात पाणी शिरून केव्हाच गेली होती.

“संपलं म्हणायचं,” जयाबाई म्हणाल्या आणि झाकण लावू लागल्या.

शामूनं डब्यावर हात ठेवला. “थांबा की बाई. गाडीवाल्यांच्याकडं एक प्रत असणारच की. ती बघूया. मिळाली तर दोन्ही जुळवून व्हिडिओ कॅसेट करू. आता थेटर नको न् गाडी नको. लोक घरात बसून बघतील.”

गाडीवर ज्यांनी यंत्र चालवलं ते मष्णू पाटील निवृत्त होऊन कंग्राळीला भातशेती बघत होते. शामू त्यांच्याकडं जाऊन रिकाम्या हातानं परतला. “हाय म्हणत्यात, पण द्यायची न्हाय म्हणत्यात.” मग जयाबाई स्वतः गेल्या.

मष्णूआप्पांनी त्यांना सोप्यात बसवलं, चहा दिला, पण फिल्मचा विषय निघाला की ते पावसापाण्याचं बोलायला लागत. शेवटी जयाबाईंनी सरळ विचारलं, “आप्पा, का देत नाही?”

“गाडी मोडीत काढली तवा सगळ्या फिल्मा उकिरड्यावर टाकल्या, बाई. खतांच्या, नसबंदीच्या, सगळ्या. मी ही एकच उचलून आणली. का सांगू? बाकीची फिल्म लावली की माणसं उठून जायची. ही लावली की बाया म्हणायच्या, अण्णा, आणि एकदा लाव. आता ह्ये पोरगं म्हणतंय, कॅसेट करतो. त्यात हिंदी पिक्चरची गाणी घालून लग्नात वाजवली तर मी काय करायचं?”

“मी असेपर्यंत त्यात काही घातलं जाणार नाही.”

मष्णूआप्पा उठून आत गेले आणि भाताच्या तुसानं भरलेलं पिंप ओढत बाहेर घेऊन आले. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी डबा वर काढला. कोरड्या तुसात राहिल्यानं फिल्मला दमट हवा लागली नव्हती. शेकडो वेळा यंत्रातून गेल्यामुळं तिच्यावर पावसाच्या धारांसारखे ओरखडे होते, पण दुसरं रीळ अखंड होतं. जयाबाईंनी फिल्मचं टोक उजेडात धरलं. नखाएवढ्या चौकटीत यल्लव्वा बाळ घेऊन दारात उभी होती.

मग काम सुरू झालं. जयाबाईंच्या घरची माडी त्यांनी रिकामी केली, खिडक्या सताड उघडल्या. रंगाच्या दुकानातून आणलेल्या औषधात मखमलीचं फडकं बुडवून त्या फिल्म हातहात पुसत. बुरशी निघत गेली तशी खालची झाडं, माणसं वर येत गेली. फाटलेली भोकं शामू पातळ पट्ट्या लावून सांधायचा. पहिल्या रिळातले जे तुकडे फारच गेले होते तिथं मष्णूआप्पांच्या प्रतीतले जोडले. प्रत्येक सांध्यावर फिल्मच्या कडेची आवाजाची पट्टी तुटायची आणि यंत्रात ठक्क असं वाजायचं. त्यावर जयाबाईंनी शाळेतली काळी शाई आणि बारीक ब्रश घेतला. पट्टीवर त्या सांध्याच्या जागी इवलासा काळा त्रिकोण रंगवला, की ठोका गप्प व्हायचा.

मष्णूआप्पा आठवड्याला एकदा यायचे. काम बघून जायचे.

खरी अडचण पुढं आली. पांढऱ्या पुठ्ठ्यावर फिल्मचं चित्र पाडायचं आणि ते व्हिडिओ कॅमेऱ्यानं टिपायचं असं शामूनं ठरवलं होतं. पण टीव्हीवर लावून बघितलं तर चित्र सारखं लुकलुकत होतं, दोन मिनिटांत डोळे दुखायला लागले. शामू एक दिवस डोकं धरून बसला. मग त्याच्या लक्षात आलं. सिनेमाचं यंत्र सेकंदाला चोवीस चित्रं दाखवतं, आपल्या टीव्हीची गती पंचवीस. एका गाडीची ही दोन बैलं एका चालीनं चालत नव्हती.

“यंत्रच जरा पळवायला पायजे,” तो म्हणाला.

“आवाज चिरका नाही होणार?”

“इतका बारीक फरक कुणाच्या कानाला कळत न्हाय, बाई.”

बेळगावजवळच्या मच्छ्यातल्या एका कारखान्यात देवाप्पा नावाचा त्याचा मित्र लेथवर होता. मोटरीवरची पुली किंचित मोठी करायची असा शामूनं हिशोब मांडला, देवाप्पानं पितळेची नवी पुली कातून दिली. पहिली ढिली बसली, दुसरी बरोबर बसली. पुन्हा फिल्म चढवली, कॅमेरा सुरू केला आणि टीव्ही लावला. पडद्यावर जंगल स्थिर उभं राहिलं. यल्लव्वा ओढ्यातून चालत आली आणि तिच्या पायाखालचं पाणीसुद्धा नीट हललं.

शामू नुसता हसत राहिला.

एकाच जागी त्यांचा वाद झाला. बाळाच्या रडण्याच्या ठिकाणी आवाजात खरखर होती. शामू म्हणाला, “हितं सनईचा तुकडा टाकूया. खरखर झाकल.”

“नको. खरखर राहू दे. पण ते रडणं त्या बाळाचंच असायला हवं. मष्णूआप्पांना मी शब्द दिलाय.”

शामूनं मान डोलावली. आवाज खालवर करून जेवढी खरखर कमी होईल तेवढी केली आणि बाकीची राहू दिली.

कॅसेट तयार झाल्यावर ती आधी कुणाला दाखवायची, हे जयाबाईंनी ठरवलेलं होतं. चित्रपटात जन्मलेली ती मुलगी राजाबाई आता सव्वीस वर्षांची होती आणि मच्छ्यालाच दिली होती. तिचा नवरा कारखान्यात होता, ती घरी शिलाई करायची. रविवारी दुपारी जयाबाई आणि शामू व्हीसीआर घेऊन तिच्या घरी गेले. टीव्ही शेजारच्यांचा आणला. राजाबाईची सासू यशोदाबाई, नवरा, आणि गल्लीतल्या दहा-बारा बाया दाटीवाटीनं बसल्या.

चित्र सुरू झालं. गावची वाट, गुरं, आणि मग एक गरोदर बाई डोक्यावर घागर घेऊन आली. कॅमेरा दिसल्यावर तिनं पदराचं टोक दातात धरलं आणि खुदकन हसली.

“ही कोण, बाई?” राजाबाईनं विचारलं.

जयाबाईंना वाटलं होतं, चित्रपटात तिची आई आहे हे तिला कुणीतरी सांगितलं असेल. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “तुझी आई. शालूबाई.”

राजाबाई दोन वर्षांची असताना शालूबाई तापानं गेली होती. घरात तिचा एकही फोटो नव्हता. आई कशी दिसायची हे राजाबाईनं जन्मभर दुसऱ्यांना विचारलं होतं, आणि सगळे म्हणायचे, चांगली होती. यापलीकडं कुणाला सांगता आलं नव्हतं.

घागर घेतलेली बाई चित्रातून निघून गेली.

“परत दाखवता येतंय?” राजाबाईनं हळूच विचारलं.

शामूनं बटण दाबलं. शालूबाई उलटी चालत मागं गेली आणि पुन्हा पुढं आली, पुन्हा हसली. “आणि एकदा,” राजाबाई म्हणाली. मग तिनंच पुढं होऊन बटण कुठलं ते विचारून घेतलं. सिनेमाघरात हे कधीच झालं नसतं. तिथं चित्र पुढं गेलं की गेलं. इथं तिच्या स्वतःच्या घरात, तिच्या बोटाच्या दाबानं, तिची आई पुन्हापुन्हा परत येत होती.

“हनुवटी बघ की गं,” यशोदाबाई म्हणाल्या. “आणि हसणं. तूच हाईस की ती.”

तेव्हा कुठं राजाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती हसतही होती. शेवटी बंद दाराआडून रडणं ऐकू आलं, तेव्हा एक शेजारीण म्हणाली, “राजा, तवापासनंच आवाज मोठा हाय गं तुझा.” सगळ्या बाया हसल्या, राजाबाई सगळ्यांत जास्त.

ती कॅसेट त्यांनी तिथंच ठेवली. आठवड्याभरात मच्छ्यातल्या बाया शामूच्या लायब्ररीत येऊन ‘ती सुईणीची’ मागू लागल्या. शामूनं दोन व्हीसीआर जोडून प्रती काढायला सुरुवात केली. जयाबाईंनी कॅसेटसाठी वेष्टन तयार केलं. त्यावर यल्लव्वाचं चित्र होतं, खाली त्यांचं स्वतःचं, शामूचं, मष्णूआप्पांचं आणि देवाप्पाचं नाव होतं. कंग्राळीहून मागणी आली, खानापूरहून आली. निपाणीला शामूची आई तानुबाई हिनं वखारीतल्या मैत्रिणींना घरी बोलावून दाखवली, आणि जागा पुरेना म्हणून सलग तीन रविवार दाखवली. नर्सिंगच्या एका शाळेनं नेली. मग पुण्यातल्या एका संस्थेचं पत्र आलं. जुने माहितीपट घरी बघण्यासाठी कॅसेटवर काढायची त्यांची मालिका सुरू होणार होती, आणि पहिला मान त्यांना ‘उंबऱ्याबाहेर’ला द्यायचा होता.

जयाबाईंनी त्यांना होकार कळवला, पण त्याआधी एक काम बाकी होतं. यल्लव्वा अजून होती. ऐंशीच्या घरात, पाठीत वाकलेली, पण नजर शाबूत. कुसमळीच्या पुढं जंगलातल्या तिच्या गावी सगळे जीप करून गेले. राजाबाई आली, मष्णूआप्पा आले. यल्लव्वाच्या अंगणात मांडव घातला आणि भर दुपारी टीव्हीवर उजेड पडू नये म्हणून भोवती घोंगड्या टांगल्या. सगळं गाव जमलं.

यल्लव्वा पहिल्या रांगेत, टीव्हीपासून हातभर अंतरावर बसली. स्वतःला ओढ्यातून येताना बघून ती म्हणाली, “बरी चालायची की गं मी.” मग शेवटपर्यंत पडद्याकडं बघत राहिली. बाळ घेऊन ती दारात आली आणि चित्र थांबलं, तेव्हा तिनं मागं वळून राजाबाईकडं बघितलं. “ही तीच. ऊठ गं, बघू दे सगळ्यास्नी.”

राजाबाई उभी राहिली.

यल्लव्वाची नजर पुढं सरकली. “तो रवळू. पायाळू आलता, आईला लई दमवलं. ऊठ रं. ती बाळाबाई, भर पुरात झाली. तू बी ऊठ. तुझी दोन्ही पोरं बी माझ्याच हातावरची, त्यास्नी उठव.” ती नावं घेत गेली, माणसं उठत गेली. मिशीला कलप लावलेले बाप्ये, डोक्यावर पदर घेतलेल्या सासुरवाशिणी, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. बघता बघता निम्म्याहून जास्त अंगण उभं राहिलं. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग साऱ्या मांडवानं वाजवली. मष्णूआप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

जयाबाई घोंगडीच्या कडेला उभ्या होत्या. टाळ्या थांबत नव्हत्या. यल्लव्वानं हात करून त्यांना जवळ बोलावलं आणि शेजारी जागा करून दिली.

“तवा तुला आत येऊ दिलं न्हाय, बाई,” ती म्हणाली. “आता बस हितं, माझ्यापाशी.”