पेटीच्या मापाचा खुराडा

चूक बाबांची होती. हे आधीच सांगतो, कारण ते स्वतः कधीच सांगणार नाहीत. मी कोंबड्यांचा खुराडा बोलतोय. मला त्यांनीच ठोकून उभं केलं, म्हणून बाबा म्हणतो. नाहीतर केस पिकले की मान द्यायचा, ही सवय मला नाही.

बाबांचा उभा जन्म काचसामानाच्या कारखान्यात पेट्या भरण्यात गेला. ग्लास, बरण्या, कपबश्या. माल असा बसवायचा की पेटी हलवली तरी आतून आवाज येता कामा नये. "हललं की फुटतं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. निवृत्त झाले तरी हात थांबेनात. घरातल्या कपाटात बोट घालायला जागा नाही.

घरात माणसं दोनच, बाबा आणि त्यांची मुलगी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलीने कॉलेज अर्ध्यावर सोडलं, तेव्हा आत्याने फोनवरच निकाल लावला, "पाठवून दे इकडे, माझ्या दुकानात गल्ल्यावर बसेल." मुलीला जायचं नव्हतं. तिला परसात कोंबड्या पाळून अंडी विकायची होती. खरं तर बाबांनाही तिला पाठवायचं नव्हतं, पण तसं बोलून दाखवतील ते बाबा कसले! म्हणाले, "कर काय करायचं ते. अंडी नीट सुरू झाली तर राहा. नाहीतर निमूट आत्याकडे."

म्हणजे तिचं घरात राहणं माझ्यावर येऊन ठेपलं.

मुलीने परसातल्या मातीवर काठीने रेघा ओढल्या. "सहा कोंबड्यांना आत एवढी जागा. आणि पुढे जाळी लावून फिरायला एवढी."

"एवढ्यात मी संसार थाटेन!"

"थाटा की. कोंबड्या घरात ठेवते."

"जीभ फार चालते तुझी. जा, शेजारच्या मावशीकडून एक कोंबडी आण मापाला."

कोंबडी आली आणि भेदरून, पाय पोटाशी घेऊन बसली. बाबांनी टेप लावला. लांबी, रुंदी, उंची, गुणिले सहा. वर मेहेरबानी म्हणून चार बोटं जास्त. कोंबडी उभी राहते, पंख झटकते, दुसरीवर फुगून कोपरा गाठते, यातलं काहीच त्या मापात आलं नाही. भेदरलेल्या जिवाचं माप, तेच माझं माप.

काम मात्र चोख. फळ्यांच्या सांध्यातून सुई जायची नाही. मग हवा कुठून जाणार?

आणलेल्या तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, अजून वाढत होत्या, त्यामुळे सुरुवातीला सगळं झकास. बाबा माझ्या छपरावर थाप मारून म्हणत, "बघ, अजून जागा उरलीय!" मग त्या अंगाने भरल्या. घाणीचा उग्र वास डोळ्यांना झोंबायला लागला. दांडीवर बसण्यावरून रोज हाणामारी. एकीच्या शेपटीची पिसं उपटली गेली, रक्त दिसलं, आणि बाकीच्या तिच्यावर तुटून पडल्या. मी काय करणार? माझ्या भिंतींना मागे सरकता येत नाही.

अंडी सुरू झाली तीच अडखळत, आणि थांबली.

"बाबा, ही बाजू कापू या आणि पुढे जाळी लावू."

"थांब. या मारामारीवर इलाज आहे माझ्याकडे."

तिला वाटलं, बाबांना पटलं. ती शेजारी करवत मागायला गेली. परत येऊन बघते तर बाबा पुठ्ठे कापत बसलेले. ग्लासांच्या पेटीत पाडतात तसे त्यांनी माझ्या पोटात सहा खण पाडले आणि खणाखणात एकेक कोंबडी बसवली. माना तेवढ्या वर.

"आता टोचा म्हणावं!" बाबा खूश.

मुलीने वाकून आत पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, त्या जिवंत आहेत."

"मग मी कुठे मारल्यात?"

तिने पुठ्ठे उपसून टराटरा फाडले. बाबा गरजले, "जन्मभर पेट्या भरल्या, एक काच फुटू दिली नाही! कॉलेज सोडून बसलेल्या पोरीने मला शिकवायचं?"

मोठ्यांचं हे एक बरं असतं. मुद्दा हातचा गेला की समोरच्याचं प्रगतिपुस्तक काढायचं.

तिने फाटके पुठ्ठे गोळा करून बाहेर टाकले. दुसऱ्या दिवशी सगळ्या कोंबड्या मावशींच्या मोठ्या परसात सोडून आली.

"अगं, लगेच असं टोक गाठायचं का?" मावशी म्हणाल्या.

"इथे जगतील तरी," ती म्हणाली, आणि तिथूनच तिने आत्याला फोन लावला.

निघताना बाबा दारात आडवे उभे. "एवढं काय झालं त्यात? जेवून तरी जा."

"गाडी चुकेल," म्हणत ती बाजूने निघून गेली.

मावशींकडे त्याच कोंबड्या भरभरून अंडी द्यायला लागल्या. मावशींनी वाडगाभर आणून दिली, तर बाबा म्हणतात, "इथे असताना जातच खराब होती." जात! माझ्यासमोर उभं राहून म्हणाले हे.

आता माझ्यात फुटक्या कुंड्या आणि गंजकी बादली आहे. कोणी खुराडा करणार असाल तर एकच विनंती. कोंबडी मोकळी चालत असेल, पंख पसरत असेल, तेव्हा तिचं माप घ्या. आणि जी रोज तिला दाणे टाकणार आहे, तिला आधी विचारा.

मुलगी आत्याकडेच राहिली. सुट्टीलाही येत नाही. बाबा एकटे जेवतात.