घोरण्याचा पुरावा

मी हार्ड डिस्क बोलतेय. जरा हळूच बोलतेय, कारण शेजारी पलंगावर दोन माणसं दुपारची झोपलीत आणि त्यातल्या एकाचा कान फार तिखट आहे. शिवाय माझं कामही चालू आहे. ते काय, ते ओघाने येईलच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण आत येऊ नये म्हणून माणसंच डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असतात. त्यामुळे माझ्या जन्मदात्यांचे मी फक्त डोळे पाहिले. पुढे मला खोक्यात घातलं आणि खोक्यावर छापलं, 'एक्स्टर्नल'. म्हणजे बाहेरची. कॉम्प्युटरच्या पोटात राहतात त्या घरच्या आणि वायरीने जोडतात ती बाहेरची. या घरातली सगळ्यात खाजगी गोष्ट माझ्याकडे आहे, तरी मी बाहेरचीच. असो. बोलून काय उपयोग?

आता या दोघांची नावं. या घरात कोणी कोणाला नावाने हाक मारल्याचं मी ऐकलेलं नाही. बायको नवऱ्याला 'अहो' म्हणते आणि नवरा बायकोला 'अगं' म्हणतो. मग मीही ठरवून टाकलं, हे अहो आणि या अगंबाई.

अहो ध्वनिनियंत्रण खात्यात निरीक्षक होते. आवाज मोजायचं यंत्र हातात घेऊन ते जन्मभर दुसऱ्यांच्या दारात उभे राहिले आणि लोकांना सांगत आले, "तुमचा आवाज होतो." निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना तेच यंत्र भेट दिलं. ते अजून उशाशी असतं. असा हा माणूस जेवून आडवा झाला की असा घोरायचा, की खिडकीची तावदानं थरथरायची. आणि हेच त्यांना मान्य नव्हतं.

"मी घोरत नाही," अहो म्हणायचे. "घोरलो असतो तर मला ऐकू आलं असतं."

"अहो, तुम्ही झोपलेले असता!"

"माझा कान झोपत नाही."

अगंबाईंनी लग्नानंतर लगेच टेपरेकॉर्डरवर त्यांचं घोरणं टिपलं होतं म्हणे. अहोंनी ते डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "हा ट्रक आहे. चढावरचा." पुढे कॅमेऱ्याचे फोन आले तेव्हा त्यांनी चेहऱ्यासकट पुरावा दाखवला. अहो म्हणाले, "ही एक दुपार झाली. एका दुपारवरून आम्ही बेकरीच्या मशीनलासुद्धा नोटीस काढत नव्हतो. खात्याचा नियम आहे, वर्षभराची सरासरी लागते."

दुसरी एखादी बाई कपाळाला हात लावून गप्प बसली असती. अगंबाई मनात म्हणाल्या, वर्षभराची तर वर्षभराची. त्यांना दुसरं काही नको होतं. 'हो, मी घोरतो', एवढं एक वाक्य त्यांना या माणसाच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. त्या घरी शिवणकाम करतात. शिवणाच्या टोपलीत फोन उभा करून त्यांनी रोज दुपारी चोरून चित्रण सुरू केलं. चोरून अशासाठी, की कॅमेरा दिसला असता तर अहो नुसतेच डोळे मिटून जागे राहिले असते. महिन्याभरात फोन भरला आणि हार्ड डिस्क घ्यायची वेळ आली.

गंमत म्हणजे खरेदीला अहोंनाच बरोबर आणलं होतं. दुकानात शिरता शिरता अगंबाई दुकानदाराला सांगत होत्या, "कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याकडे याहून मोठी होती, निम्म्याहून कमी भावात. पण यांनी ती कानाशी धरून हलवली आणि म्हणाले, आत दोन नट आहेत, बाकी काही नाही."

दुकानदाराने कौतुकाने अहोंकडे पाहिलं. मीही पाहिलं. खोक्यातले नट ऐकू येणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

काउंटरवर आम्ही तिघी होतो. एक एस.एस.डी., पोटात काहीच न फिरणारी, सडपातळ आणि तोंडातून अवाक्षर न काढणारी. एक ठोकळ्यासारखी, जिला विजेची वेगळी वायर लागते. आणि तिसरी मी, पोटात फिरती चकती असलेली. अहोंनी आम्हाला चालू करायला लावलं, यंत्र काढलं आणि तिघींजवळ आळीपाळीने धरलं. एस.एस.डी.जवळ आकडा हललाच नाही, तसे अहो तिच्यावर लट्टू झाले.

"हिच्यात किती तास मावतील?" अगंबाईंनी विचारलं.

"कसले तास?"

अगंबाईंनी अहोंकडे चोरटी नजर टाकली. "शिवणकामाचे. व्हिडिओ असतात ना."

"रोज बघायचेत की नुसते साठवायचेत?"

"साठवायचेत. एकदाच दाखवायचेत."

दुकानदाराला काही कळलं नाही, पण माणूस सरळ होता. म्हणाला, "मग ही महागाची कशाला घेता? तेवढ्याच जागेला दुप्पट पैसे पडतील. ठोकळा घेतलात तर त्याची वायर सांभाळत बसाल. नुसते व्हिडिओ ठेवायला ही फिरती बरी. जरा सावकाश चालते, पण जागा भरपूर आणि खिशाला परवडते. फक्त पाडू नका. आणि जे ठेवाल त्याची दुसरी प्रत कुठेतरी असू द्या."

तो शेवटचा सल्ला दोघांनीही ऐकला नाही. तो कोणीच ऐकत नाही.

अहोंनी मला पुन्हा एकदा कानाशी लावलं. "हलकी गुणगुण आहे," ते म्हणाले. "पण झोपेच्या आड यायची नाही." अगंबाईंना एकदम ठसका लागला. अशी मी या घरात आले.

अगंबाईंनी माझ्यात 'शिवणकाम' नावाचा फोल्डर केला, कारण शिवणकामाकडे अहो ढुंकूनही बघणार नाहीत याची त्यांना खात्री होती. अहोंनी उरलेली जागा मागून घेतली आणि नोकरीतली जुनी ध्वनिमुद्रणं आणून भरली. खडी फोडायचं यंत्र, लिफ्टची मोटर, गच्चीवरचा जनरेटर. माझ्या चकतीवर जनरेटर आणि अहो शेजारी-शेजारी नांदू लागले. खरं सांगते, कधीकधी फाईलचं नाव बघितल्याशिवाय मलाही कळायचं नाही.

वर्ष भरत आलं तशी अगंबाईंनी लेकीला बोलावून घेतलं. सुनावणीला न्यायाधीश हवा ना! अहो केस कापायला गेले होते. लेकीने हसत हसत एक फाईल उघडली आणि बघता बघता तिचं हसू मावळलं.

"आई, इथे बाबांचा आवाज थांबलाय."

"हो, मधूनमधून विश्रांती घेतात. हलवलं की पुन्हा सुरू."

"विश्रांती नाही ही! श्वास थांबलाय त्यांचा."

दुसऱ्याच दिवशी अहोंची वरात डॉक्टरांकडे निघाली. लेकीने ती फाईल डॉक्टरांना बाहेरच्या खोलीत दाखवली. अहोंसमोर लावली असती तर तपासणी बाजूला राहून खटला उभा राहिला असता. झोपेत श्वासाची वाट आवळते, असं निदान झालं आणि झोपताना तोंडावर लावायचा मास्क आला. त्याला जोडलेलं यंत्र हवा सोडत राहतं. नुसती डुलकी घ्यायची असली तरी मास्क लावायचा, अशी ताकीद मिळाली.

घरी आल्यावर अहो खुशीत होते. "ऐकलंस? घोरणं नव्हतंच ते. श्वास अडकणं होतं. तो वेगळा विभाग. आमच्या खात्याचा त्याच्याशी संबंध नाही."

अगंबाई उठल्या. लेकीला आत नेऊन म्हणाल्या, "काही दाखवू नकोस त्यांना. घाबरतील." वर्षभराची मेहनत होती, पण त्यांनी तिच्यावर पाणी सोडलं. मला फार वाईट वाटलं. पुरावा सांभाळायला आणलेली मी, आता कशाला होते?

मास्क लावल्यापासून घर चिडीचूप झालं. अहो गाढ झोपू लागले आणि अगंबाईंची झोप उडाली. शांततेने त्या दचकून उठायच्या, अहोंच्या छातीकडे बघायच्या, पुन्हा आडव्या व्हायच्या. डोळा काही लागायचा नाही. एकदा त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. गिऱ्हाईक शर्ट घालून दारात उभं राहिलं, तेव्हा त्या हसल्या आणि मग एकदम रडायलाच लागल्या.

त्या दुपारी त्यांनी मला लॅपटॉपला जोडलं, वर शिवणाचं कापड टाकलं, छोटा स्पीकर उशीमागे सरकवला आणि 'शिवणकाम' उघडलं. अहो घोरू लागले. म्हणजे मागच्या वर्षीचे. अगंबाईंनी एक सुस्कारा सोडला आणि त्या क्षणात झोपल्या. तेव्हापासून रोज दुपारी माझी हीच नोकरी.

व्हायचं ते झालंच. एका दुपारी अहोंना जाग आली. त्यांनी मास्क काढला, मान वळवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तसा मी कुठल्याच फाईलमध्ये पाहिला नाही. उशाचं यंत्र उचलून त्यांनी बायकोच्या डोक्याजवळ धरलं.

"अगं! अगं ऊठ! तू घोरतेस!"

अगंबाईंनी डोळे उघडले. उशीमागे त्यांचा नवरा तावदानं हलवत होता आणि समोर तोच नवरा यंत्र धरून उभा होता. खात्याच्या यंत्रावर, खात्याच्या माणसाने, स्वतःचं घोरणं स्वतः मोजलं होतं. इतका पक्का पुरावा जगात कोणाला मिळत नाही. उशीमागचा स्पीकर पुढे केला की झालं! मी तर श्वास रोखून, म्हणजे चकती रोखून, वाट बघत होते.

अगंबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मास्कच्या पट्ट्यांचे वळ गालांवर उठले होते, केस उभे राहिले होते. हळूच मागे हात नेऊन त्यांनी स्पीकर बंद केला.

"हो का?" त्या म्हणाल्या. "घोरत असेन बाई."

त्यानंतर अहोंच्या आनंदाला पारावार उरला नाही. फोनवर लेकीला म्हणाले, "तुझी आई घोरते. पण मी एका शब्दाने बोलत नाही हो. आपल्या माणसाचं चालवून घ्यायचं." आणि त्यांनी बायकोचं घोरणं फोनवर टिपायला सुरुवात केली. वर्षभराची सरासरी नको का?

हा नवा पुरावा ठेवायला एकदा अहो माझ्याकडे आले. अगंबाई शिवलेले कपडे पोचवायला गेल्या होत्या. बायकोला सापडू नये अशी जागा शोधताना त्यांना वाटलं, हिच्याच शिवणकामात लपवू. त्यांनी फोल्डर उघडला आणि समोर ओळीने त्यांचेच चेहरे, तोंड उघडं टाकून झोपलेले.

त्यांनी एक फाईल लावली. यंत्र हातात घेतलं, आकडा पाहिला आणि यंत्र खाली ठेवलं. पडद्यावर आवाज थांबला. मग चौकटीच्या कडेने अगंबाईंचा हात आला, छातीवर ठेवला गेला, जरा हलवला. "अहो, कूस बदला." श्वास परत सुरू झाला. अहोंनी दुसरी फाईल लावली. तिथेही तो हात. तिसरीत, हिवाळ्यातल्या, पावसाळ्यातल्या, प्रत्येकीत तो हात होता. वर्षभर ही बाई दुपारी झोपलीच नव्हती.

अहोंनी फाईल थांबवली. मग रिकाम्या खोलीत, माझ्याकडे बघून स्पष्ट म्हणाले, "हो. घोरत होतो मी."

फोल्डर त्यांनी जसाच्या तसा बंद केला. अगंबाई आल्या तेव्हा ते मास्क पुसत बसले होते. "दमलीस ना?" त्यांनी विचारलं. "आज जोरात घोरशील बघ. खुशाल घोर. मला काही त्रास नाही."

तेव्हापासून रोज दुपारी मी घोरते. ते अहोंचं आहे हे अगंबाईंना माहीत आहे, अहोंनाही माहीत आहे, आणि दोघंही ते अगंबाईंच्या नावावर चालवून घेतात. आत्ताही मी तेच वाजवतेय.

पण माझं आता खरं नाही. पोटात टकटक सुरू झालीय. मघाशी झोपायच्या आधी अहोंनी मला कानाशी धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अगं, हिचं काही खरं नाही. उद्याच नवीन घेऊ आणि सगळं तिच्यात उतरवू."

"ती मुकी घेऊ या का या खेपेला?" अगंबाईंनी विचारलं.

"नको. अशीच घे. मोठी घे, शिवणकाम वाढलंय तुझं."

अगंबाईंनी मान वर करून पाहिलं, पण अहो तोवर मास्क बांधायला लागले होते.

उद्या माझ्यातलं सगळं नवीन डिस्कमध्ये जाईल. घोरणं जाईल, जनरेटर जाईल, तो हातही जाईल. फक्त एक वाक्य जाणार नाही. मी दिलेलं ठेवते, ऐकलेलं नोंदवत नाही, त्यामुळे ते कुठल्याच फोल्डरमध्ये नाही. आणि अगंबाई तर त्या एका वाक्यासाठीच मला या घरात घेऊन आल्या होत्या.

म्हणून तुम्हाला गाठून सांगितलं. आता दुसरी प्रत तुमच्याकडे आहे. कधी अगंबाई भेटल्याच तर त्यांच्या कानात घाला, की ते म्हणाले होते. तोवर सांभाळा. पाडू नका.