सायकल सापडली का

सायकलवाल्यांनी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरची ‘राखीव’ अशी चिठ्ठी उचलली, तिची चौघडी करून खिशात घातली आणि ते गुपचूप तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. पुढच्या खुर्चीत एक धिप्पाड बाई होत्या. त्यांनी पैलवानी मुखवटा डोक्यावर वर सारून ठेवला होता, त्यामुळे आडोसा झकास झाला.

“बाबा, तिथे कशाला बसलात?” मंचावरून लेकीने विचारलं.

“अगं, पंखा थेट डोक्यावर येत होता.”

तिने वर पाहिलं. पहिल्या रांगेवर पंखाच नव्हता. मग वही उघडून ती पेनाचं टोपण काढत बसली.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं ते सभागृह खच्चून भरलं होतं. चोवीस तास फक्त कुस्ती दाखवणारी एक परदेशी वाहिनी तीस वर्षांपूर्वी घरोघरी दिसायची. ती कधीच बंद पडली होती, पण तिचे वेडे अजून शाबूत होते. कुणी जुने अंगरखे घालून आले होते, कुणी कात्रणांच्या वह्या आणल्या होत्या, आणि दाराशी दोन टक्कल पडलेले गृहस्थ एकमेकांची मान काखेत धरून फोटो काढून घेत होते. आज साक्षात ‘डोंगर’ येणार होता. त्याचं खरं नाव कुणाच्या जिभेवर बसलं नव्हतं. आकार बघून सगळ्यांनीच त्याला डोंगर म्हटलं होतं. त्याला इथली भाषा येत नव्हती, म्हणून दुभाषी बोलावली होती, आणि ती दुभाषी म्हणजे सायकलवाल्यांची एकुलती एक लेक. कोर्टात आणि इस्पितळात तिचं नाव होतं. साक्षीदार खोकला तर ती तेही सांगते, असं वकील म्हणायचे.

आणि नेमकी त्याचीच सायकलवाल्यांना धास्ती होती.

लेक नऊ वर्षांची असताना तिचा पाय मोडला. तीन महिने प्लास्टर. त्याच सुमारास केबलवाल्याने चुकून ही वाहिनी जोडून दिली. दुकान बंद करून सायकलवाले घरी आले की बापलेक खाटेवर बसून कुस्त्या बघायचे. पैलवान झुंजायचे कमी आणि एकमेकांवर ओरडायचे जास्त.

“बाबा, ते काय म्हणतायत?” पहिल्याच दिवशी तिने विचारलं.

सायकलवाल्यांना त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पोरगी दिवसभर छताकडे बघून कंटाळलेली. “थांब, ऐकू दे,” असं म्हणून त्यांनी घसा खाकरला. “जाडा म्हणतोय, माझी सायकल चोरलीस.”

“तुम्हाला येते ही भाषा?”

“दुकानात त्यांच्याकडचे खलाशी यायचे ना पंक्चर काढायला. त्यांच्याकडून शिकलो.”

एक थाप पचली की दुसरीला जागा होते. डोंगर आणि ‘मास्तर’ यांचं वैर त्या सायकलीवरून पेटलं. मास्तर म्हणजे चष्मा घालून रिंगणात येणारा काटकुळा पैलवान. त्याने सायकल मुद्दाम चोरली नव्हती, बिचाऱ्याला दिसायचं कमी, त्यामुळे आपली समजून तो डोंगराची घेऊन गेला, आणि मग कुठे लावली तेच विसरला. झुंज संपली की डोंगर कानाजवळ मनगट दोनदा फिरवायचा. ती म्हणे सायकलची घंटी. प्रत्येक वेळी पोरगी प्लास्टरसकट उसळायची आणि सायकलवाल्यांना दिवसभराचा शीण आठवतसुद्धा नसे. ते दिवस त्यांच्या आयुष्यातले फार सुखाचे होते.

मग प्लास्टर निघालं, आणि दोन वर्षांनी एका संध्याकाळी ती वाहिनीच गेली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. पुढे कितीतरी दिवस ती विचारत राहिली, “बाबा, सायकल सापडली का हो?” सापडली म्हणायला काय जात होतं? पण थापेतही त्यांचा एक प्रामाणिकपणा होता. “दिसतच नाही तर मी कसं सांगू?” ते म्हणायचे.

पंधराव्या वर्षी तिने त्याच भाषेचा वर्ग लावला. सायकलवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. महिनाभराने जेवताना तिने सहज विचारलं, “बाबा, त्या भाषेत सायकलला काय म्हणतात?”

“जेव आधी. भात निवतोय.”

ती जेवली. त्यानंतर आजतागायत त्या विषयावर घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता. तिला कळलं होतं हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हेही तिला माहीत असणार. पण न बोललेल्या गोष्टीला एक आब असतो. आज साठ माणसांसमोर, तिच्याच तोंडून, त्यांची एकेक थाप उघडी पडणार होती. त्यांनी न येण्याचे तीन बहाणे शोधले होते. तिने तिन्ही ऐकून घेतले आणि रिक्षा बोलावली.

डोंगर आला. आता तो टेकडीएवढाच उरला होता, हातात काठी होती, पण टाळ्या इतका वेळ वाजत राहिल्या की त्याला दोनदा उठून दोनदा बसावं लागलं. औषधांच्या दुकानाचे मालक या वेड्यांचे म्होरके होते. त्यांनी ओळख करून दिली.

“आणि आपल्या दुभाषी ताई! त्यांना या भाषेची गोडी वडिलांनी लावली. ते इथेच बसलेत.”

माना वळल्या. सायकलवाले बुटाची लेस बांधायला वाकले. पायात चपला होत्या.

प्रश्न सुरू झाले. मुखवट्याच्या बाईंनी पहिलाच नेम साधला. “मास्तरांना खरंच कमी दिसायचं का हो?”

डोंगर हसत काहीतरी म्हणाला. लेकीने वहीत बघून सांगितलं, “ते म्हणतात, त्या चष्म्याला काचाच नव्हत्या. मास्तरांची नजर घारीसारखी होती.”

सभागृह खदखदून हसलं. सायकलवाले चार बोटं खाली सरकले.

“आणि ते मनगट? दर वेळी फिरवायचे ते?”

पुन्हा डोंगर बोलला आणि लेकीने सांगितलं, “लहानपणी हात मोडला होता. झुंजीनंतर आखडायचा, म्हणून मोकळा करायचे.”

अरेरे, म्हणजे घंटीही गेली. सायकलवाल्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, मग तोच पुन्हा पुसला. लेकीचं चुकत नव्हतं. जे आहे ते सांगायचं हाच तिचा धंदा. तरी त्यांना वाईट वाटलं, अगदी लहान पोरासारखं वाटलं.

तासाभराने म्होरके म्हणाले, “ताई, तुम्ही सगळ्यांचे प्रश्न पोचवलेत. तुम्हाला काही विचारायचंय?”

लेकीने वही मिटली. डोंगराकडे वळून ती त्याच्या भाषेत बोलू लागली, वाक्यामागून वाक्य, न थांबता. सायकलवाल्यांना एक अक्षर कळलं नाही. पण तिने दोन्ही मुठी पुढे करून हँडल धरलं, तेव्हा ते ताठ बसले. मग तिने डोळे बारीक करून हवेत चाचपडत काहीतरी शोधलं. हा मास्तर! मग आपल्या पायाकडे बोट केलं, घोट्यापासून मांडीपर्यंत. आणि शेवटी कानाजवळ मनगट फिरवलं. दोनदा.

डोंगराचं पोट आधी हललं, मग खांदे, मग खुर्ची. डोळे पुसून त्याने काहीतरी विचारलं. तिने तिसऱ्या रांगेकडे हात केला.

म्हातारा काठी टेकत उभा राहिला. पुढच्या बाई आपसूक बाजूला झाल्या आणि आडोसा गेला. त्याने सायकलवाल्यांकडे बराच वेळ पाहिलं, कानाजवळ मनगट दोनदा फिरवलं आणि हळू आवाजात एकच वाक्य बोलला.

“काय म्हणाले? ताई, काय म्हणाले?” चहूकडून आवाज आले.

लेक पेनाला टोपण लावत होती.

“एवढं मला नाही जमायचं,” ती म्हणाली. “बाबा, तुम्हीच सांगा ना.”

सायकलवाले खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. मंचावर त्यांची चाळिशीची लेक एक पाय पुढे लांब करून, श्वास रोखून बसली होती.

त्यांनी घसा खाकरला.

“म्हणतायत,” ते म्हणाले, “सायकल सापडली.”