श्वासाची बाही

मार्गशीर्षातलं ऊन बार्शीच्या त्या अरुंद बाजारगल्लीत उशिरा उतरायचं. पण उतरलं की आधी कासाराच्या दुकानात शिरायचं. काचेच्या शेकडो वर्तुळांतून जाताना ते हिरवं व्हायचं, जांभळं व्हायचं, मधासारखं दाट व्हायचं, आणि गादीवर बसलेल्या रत्नाबाईंच्या फिक्या पातळावर रंगांची थरथर सांडून ठेवायचं.

शेवटचा साधा दिवस असाच उजाडला. त्याला शेवटचा म्हणून कुणी ओळखलं नाही. तो नेहमीच्या पावलांनी आला, चहाच्या वाफेत घुटमळला आणि दुकानाच्या पायरीवर गिऱ्हाइकांच्या चपलांशेजारी निवांत बसून राहिला.

दुपारी एक नवरी आली. हळदीच्या आधीचा हिरवा चुडा भरायचा होता. पोरीचा हात भीतीनं लाकूड झालेला. रत्नाबाईंनी तो आपल्या डाव्या हातात घेतला, तिचा अंगठा तळव्यात दुमडला, बोटांची पेरं एकमेकांत मिटवली. कमळाची कळी उलट्या दिशेनं मिटत जावी तसा तो हात लहान लहान होत गेला.

"सैल सोड गं. काच काय खाते का तुला? आखडून धरायचं ते नवऱ्याला धर."

बायका हसल्या. सोलापूरहून माहेरपणाला आलेली रत्नाबाईंची लेक नलिनीही हसली. चुडा चढला, किणकिणला, आणि रीतीप्रमाणे नवरीनं वाकून कासारणीच्या पायांना हात लावला. डाव्या हातानंच रत्नाबाईंनी तिला उठवलं.

दुसऱ्या सकाळी त्याच हातातून कप निसटला. कपापाठोपाठ हातही निसटला.

दवाखान्याच्या पांढऱ्या दिवसांनंतर रत्नाबाई घरी आल्या. मेंदूतल्या एका बारीक वाटेवर रक्त अडलं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. जीभ परतली, थोडी जड होऊन. पाय परतला, काठीचा हात धरून. डावा हात परतला नाही. आधी तो ओल्या कापडासारखा लोंबला. मग हळूहळू आखडला, कोपरात वळला, मनगटात वाकला, आणि मिटला.

अंगठा तळव्यात, बोटं अंगठ्यावर. गावातल्या बायकांचे हात जन्मभर ज्या घडीत घातले, त्याच घडीत रत्नाबाईंचा हात मिटून राहिला. जणू एक न दिसणारी बांगडी चढायची आहे, हात तयार आहे, आणि भरणारं कुणी येतच नाही.

"हात उघडला की दुकान उघडायचं," रत्नाबाई म्हणायच्या. सोलापूरचं घर तसंच टाकून आईपाशी राहिलेली नलिनी मान हलवायची.

फिजिओथेरपीच्या मुजावर मॅडम एक पारदर्शक बाही घेऊन आल्या. दुपदरी प्लास्टिक, मधे रिकामी जागा, एका बाजूला चेन, टोकाला नळी. हवेचं स्प्लिंट. "ही आधी तुमच्या हातात घाला," त्या नलिनीला म्हणाल्या. "मग आईंचा हात हातात धरा, आणि तुमच्या हातावरून त्यांच्या हातावर सरकवा."

नलिनीला आधी आपल्या बांगड्या उतरवाव्या लागल्या. काच प्लास्टिकला टोचली असती. उतरवताना एक तडकली. "वाढली," रत्नाबाई पुटपुटल्या. बांगडी फुटली असं त्या घरात कुणी कधी म्हणालं नव्हतं.

नलिनीनं आईचा हात धरला. आणि तिच्या बोटांनी, कासाराच्या घरात वाढलेल्या बोटांनी, न विचारता आपलं काम केलं: आईचा अंगठा अजून आत दाबला, पेरं मिटवली, हात बारीक केला, आणि बाही सफाईनं सरकवली.

"अहो, काय करताय?" मुजावर मॅडम ओरडल्याच. "अंगठा बाहेर! बोटं पसरा. हात मिटवायचा नाहीये, उघडायचाय."

"तिची चूक नाही, मॅडम," पलंगावरून जड आवाज आला. "आमच्यात हात असाच मिटवतात. पोरगी बांगडी भरायला निघाली होती."

तिघीही हसल्या. हसता हसता नलिनीनं मान फिरवली आणि खिडकीबाहेर, कशाकडेच नाही, असं पाहिलं.

"पंप नको," मॅडमनी बजावलं. "तोंडानंच फुंका. श्वास उबदार असतो, प्लास्टिक मऊ पडतं. आणि पंपाचा जोर नको तितका चढतो."

नलिनी फुंकू लागली. एक श्वास, अजून एक श्वास. सुरकुतलेलं प्लास्टिक उमलत गेलं, फुगत गेलं, काचेसारखं तुकतुकीत झालं. आत हळूहळू, अनिच्छेनं, आईचा हात लांबला. कोपर सरळ झालं. मनगट उठलं. बोटं एकमेकांपासून दूर झाली, आणि तळव्यावरच्या रेषा पुन्हा उजेडात आल्या. लेकीच्या श्वासाच्या कुशीत आईचा हात उघडा पडून होता, थंड पाण्यात तरंगणाऱ्या पानासारखा. शांत, शुभ्र, अखंड.

तेवढा वेळ घर थांबायचं. भिंतीवरचं ऊन थांबायचं. नलिनी त्या हाताकडे पाहत बसायची, बसूनच राहायची. वेळ भरली तरी चेनीकडे तिचा हात जायचा नाही. बोटांची टोकं फिकटायची, निळसर व्हायची, तेव्हा रत्नाबाईच हाक मारायच्या, "नले, काढ. मुंग्या आल्या."

चेन उघडली की श्वास निघून जायचा. आणि हात मिटायचा.

रोज उघडायचा. रोज मिटायचा. संक्रांत आली, बायका दुकानाच्या बंद फळीपाशी थांबून माघारी गेल्या. फाल्गुनाचं ऊन पांढरं पडलं. शेवग्याला फुलं आली, गेली, शेंगा लोंबल्या. हात रोज उघडायचा, रोज मिटायचा.

"येतोय गं आई," नलिनी म्हणायची. "काल करंगळी जरा हलली." करंगळी हलली नव्हती.

चैत्रातल्या एका दुपारी तिनं चेन उघडली. हवा दबक्या सुस्काऱ्यानं निघून गेली. करंगळी आधी वळली, मग तिच्या शेजारची, मग उरलेली, एकेक करून, पाखरं घरट्यात परतावीत तशी. अंगठा त्यांच्या आत कधी शिरला, कळलंही नाही.

रत्नाबाई पाहत होत्या. "चूल फुंकावी तशी फुंकतेस. पेटतंय का काही?"

"पेटेल."

"नले. मी हात बघून माप सांगणारी बाई आहे. याचं माप मला कधीच कळलंय." त्या थांबल्या, शब्द गोळा करायला त्यांना आता वेळ लागायचा. "तुलाही कळलंय. मग फुंकतेस कशाला?"

मांडीवर रिकामी बाही पडली होती, चपटी, निर्जीव. तिच्या आतल्या अंगाला श्वासाचं धूसर दव होतं. ते कडेनं विरत आलं, मधे विरत आलं, आणि पलीकडची चादर स्वच्छ दिसू लागली.

नलिनीनं आईची मिटलेली मूठ दोन्ही हातांत धरली.

"नाही उघडायचा आता हा हात," ती म्हणाली. "पण फुंकते ना, तेवढा वेळ तू आधीसारखी दिसतेस, आई. म्हणून फुंकते."